कंपासभाऊ

कंपासभाऊंच्या हातात लग्नाची पत्रिका दिली की ते ती वाचत नाहीत, पाहतात. आधी चष्मा कपाळावर चढवून पत्रिका नाकाजवळ धरतात, मग हात लांब करून धरतात, मग चक्क उलटी करतात. उलटी केली की मजकूर मधे येत नाही आणि नुसती अक्षरं दिसतात, असं त्यांचं शास्त्र आहे. यजमान बिचारा "सहकुटुंब यायचं बरं का भाऊ" म्हणत समोर ताटकळतो. शेवटी भाऊ मान वर करतात आणि म्हणतात, "कोनं बनवलं हे? चिरंजीवमधला अनुस्वार पाय बरं. शेजारच्या वेलांटीत जाऊन घुसला."

मुलगी कुणाची, मुहूर्त कितीचा, कार्यालय कोणतं, यातलं एक अक्षरही त्यांच्या डोक्यात शिरलेलं नसतं, कारण सगळी अक्षरं डोळ्यांतच अडकलेली असतात. मागे एकदा ते भलत्याच कार्यालयात, भलत्याच लग्नात जेवून आले. घरी येऊन तक्रार काय, तर तिथल्या पाटीवरचा 'ल' हिंदी वळणाचा होता. वहिनींनी विचारलं, "अहेराचं पाकीट कोनाले देल्लं?" भाऊंना आठवेना. पाकिटावरचा 'शुभ' मात्र आठवत होता. त्यातला उकार फार खाली लोंबत होता.

असा माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावी एक तरी असतो. कुठे तो चित्रकलेचा निवृत्त मास्तर असतो, कुठे बंद पडलेल्या छापखान्यातला म्हातारा कंपोझिटर, कुठे ट्रकच्या नंबरप्लेटी रंगवणारा. मराठी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून ठेवणारे लोक पूर्वी होते. नाटकाला जायचा त्यांचा मुळीच विचार नसे, कमल शेडगे यांनी काढलेलं नाव तेवढं त्यांना हवं असे. हे सगळे भाऊंचे जातभाई. पण बाकीच्यांना सुंदर अक्षर आवडतं. भाऊंना सुंदर अक्षराचा संशय येतो. त्यांना गोल अक्षर लागतं, आणि गोल म्हणजे कंपासनं काढलेला गोल.

याचं मूळ शाळेत आहे. सरकारच्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यांत भूमिती आणि अक्षरलेखन हे दोन विषय एकाच पेपरात येतात. ज्या कुणी त्यांची अशी जोडी लावली, त्याला वऱ्हाडातल्या एका पोराच्या आयुष्याचं आपण काय करून ठेवतोय याची कल्पना नसणार. वर्तुळाला स्पर्शिका काढायची आणि त्याच कागदावर खाली सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहायचं. त्या वयात भाऊंची अशी पक्की समजूत झाली की अक्षर हा भूमितीचाच पोटविभाग आहे. परीक्षेत त्यांनी 'व' कंपासनं काढला. निकाल चांगला लागला, हे फार वाईट झालं.

पुढे ते पेंटर झाले. भिंतीला चुना मारायचा, त्यात थोडी नीळ, सुतळी रंगात बुडवून दोन टोकांना ताणायची आणि मधे धरून सोडायची, की शिरोरेघ हजर. इथवर ते चारचौघांसारखेच. बाकीचे पेंटर मग चपटा ब्रश टेकवून मनगटाच्या एका झोक्यात 'क' काढून मोकळे होत. भाऊ भिंतीत खिळा ठोकत. खिळ्याला दोरी, दोरीला पेन्सिल, आणि पेन्सिल फिरवून 'क'चं पोट. दुसऱ्या पोटाला दुसरा खिळा. 'छोटे कुटुंब सुखी कुटुंब' एवढं लिहायला त्यांना किती खिळे लागले याचा हिशेब घरमालकानं ठेवला असेल. गावातल्या एखाद्या जुन्या भिंतीवर एका ओळीत गंजलेले खिळे दिसले तर तिथे दोरी वाळत घालायची सोय होती असं समजू नये. तिथे साहित्य होतं. नाव पडलं ते तेव्हापासून. खरं नाव काय, ते आता फक्त बँकेला ठाऊक.

भाऊंचा सिद्धान्त दोन वाक्यांचा आहे. जगातली सगळी अक्षरं एका गोलात आणि एका दांडीत बसतात. बसत नसतील तर चूक अक्षराची. देवनागरीतली जाडबारीक रेघ ही बोरूनं दिलेली देणगी, तिरप्या कापलेल्या टोकाची. निर्णयसागरच्या खिळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ती शिशात ओतली आणि आपण सगळे त्याच वळणावर वाचायला शिकलो. भाऊ म्हणतात, "बोरू मेला. त्याचं सुतक आपन काहून पाळून रायलो?" त्यांच्या अक्षरात रेघ सगळीकडे सारख्या जाडीची. आडवी असो, उभी असो, गोल असो.

अमरावतीला रद्दीत त्यांना एकदा परदेशी टाइपांच्या नमुन्यांचं पुस्तक मिळालं आणि आपण एकटे नाही हे त्यांना कळलं. जर्मनीत पाउल रेनर नावाच्या माणसानं १९२७ साली फ्युचुरा नावाचं वळण काढलं होतं, फ्रँकफुर्टच्या बाउअर ओतशाळेसाठी. 'ओ' म्हणजे गोल, बाकी सगळं दांडी नाहीतर त्रिकोण. नाझींविरुद्ध लिहिल्याबद्दल १९३३ साली या रेनरला अटक झाली. भाऊ ही हकीकत सांगताना 'नाझींविरुद्ध लिहिल्याबद्दल' हा भाग गाळतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की गोल 'ओ' काढल्याबद्दलच धरून नेलं. "तथी सरकार अक्षराकडे ध्यान देते," ते हळहळून म्हणतात. "आपल्याले कोनी पकडतबी नाही." अपोलो ११ ची माणसं १९६९ साली चंद्रावर जी पाटी ठेवून आली तिच्यावरची अक्षरंही फ्युचुराच. या पाटीचा भाऊंना विलक्षण हेवा वाटतो. "काय जागा भेटली राजेहो! ना गिऱ्हाईक, ना शेजारचं दुकान. थोडं मोठं करा म्हननारं कोनी नाही."

त्याच पुस्तकात रेनरचे सुरुवातीचे कच्चे प्रयोग होते. त्यात इंग्रजी छोटा 'आर' असा होता: एक उभी दांडी आणि तिच्या खांद्याशी सुटा ठिपका, संपलं. भाऊंनी डोक्याला हात लावला. आपल्या 'र'चंही असंच काही करावं म्हणून ते कागद घेऊन बसले. दांडी काढली, वर ठिपका दिला, शिरोरेघ ओढली. समोर कानाअनुस्वार तयार. बराच वेळ त्याकडे पाहून ते म्हणाले, "आपल्या लोकायनं सगळ्या जागा आधीच बुक करून ठेवल्या."

देवनागरीची खरी भानगड इथेच आहे. काही अक्षरं भाऊंचं ऐकतात. 'ठ' तर कंपासचाच जन्म, वर दांडीचा तुकडा आणि खाली अख्खा गोल. 'ट', 'ढ', 'व', 'ब', 'क' थोडं समजावलं की येतात. 'ळ' म्हणजे शेजारी शेजारी दोन गोल, भाऊंच्या मते मराठीला मिळालेलं बक्षीस. 'ग', 'म', 'न' निमूटपणे दांडीला धरून उभे राहतात. पण 'अ', 'झ', 'ज', 'श' ही वांड पोरं. आणि 'ह'! 'ह'मध्ये कंपासचं टोक नेमकं कुठे टेकवावं हे भाऊंना उभ्या हयातीत कळलेलं नाही. या वर्गवारीचे परिणाम धंद्यावर झाले. राठी, राठोड, कोठारी या मंडळींना त्यांच्याकडे भावात सूट असे आणि ती का, हे त्या मंडळींना शेवटपर्यंत उमगलं नाही. झाडे नावाच्या गिऱ्हाइकाला मात्र भाऊ पहिल्याच भेटीत विचारत, "बोर्डावर मुलाचं नाव टाकलं त चालन का?"

एक गोष्ट ते चारचौघांत कबूल करत नाहीत. कंपासनं काढलेला गोल डोळ्याला खरा दिसत नाही. बरोब्बर तेवढ्याच उंचीच्या दांडीशेजारी तो बुटका वाटतो, म्हणून त्याला वरखाली केसभर वाढवावं लागतं. सारख्या जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते, म्हणून ती हळूच कोरावी लागते. जिथे गोल दांडीला मिळतो तिथे काळं साचतं, म्हणून तिथेही थोडं खरवडायचं. रेनरलाही हे सगळं करावं लागलं. फ्युचुराचा गोल दिसतो तेवढा भोळा नाही. भाऊ ही फसवाफसवी गिऱ्हाईक गेल्यावर करतात. त्या वेळी दुकानाचं शटर अर्धं खाली असतं आणि कुणी आलंच तर ते ब्रश धूत असल्याचं दाखवतात.

आता गोलाचं वेड एक वेळ चालून गेलं असतं. पण भाऊंच्या अंजनगाव सुर्जीत पाटी रंगवायची म्हणजे जागेचा प्रश्न येतो. या गावाचं स्वतःचंच नाव पाटीत मावत नाही. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी इथे तह केला, तो इतिहासाच्या पुस्तकांत 'सुर्जी-अंजनगावचा तह' म्हणून छापतात. भाऊंचं म्हणणं असं की इंग्रजांकडच्या वेलस्लीच्या कारकुनानं जागा पुरेना म्हणून नाव उलटंपालटं करून पाहिलं असणार. (उलटं केल्यानं जागा वाचत नाही, हे मी त्यांना सांगितलं. "त्याले काय माहीत, नवीन होता तो," ते म्हणाले.) शकुंतला नावाच्या गाडीच्या छोट्या रुळांवरच्या स्टेशनाला रेल्वेनं नुसतं 'अंजनगाव' म्हणून हा प्रश्न मिटवला. पेंटरला तेवढी मुभा नाही. संस्था म्हटली की 'बहुउद्देशीय' आलं, 'शिक्षण प्रसारक' आलं, 'द्वारा संचालित' आलं, 'र. नं.' आला, आणि शेवटी 'ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती'. हे सगळं दहा बाय तीनच्या पत्र्यावर. पानपिंपळीच्या पुडीवर तर दहा बाय तीन बोटांत. सुंठ आणि मिरीच्या जोडीनं त्रिकटूत बसणारी ही पिंपळी आपल्या भागाचं खास पीक, पण नाव बघा: 'पिं'. ऱ्हस्व वेलांटी आणि तिच्या डोक्यावर अनुस्वार. बारीक लेबलावर शाई जराशी पसरली की पिंपळीची पपळी होते.

म्हणजे अक्षर हवं दाटीचं, अरुंद अंगाचं. आणि गोल अरुंद करता येत नाही. अरुंद केला की तो गोल राहत नाही.

दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर बसणाऱ्या पोरानं, ज्याला भाऊ बाबू म्हणतात, हा प्रश्न एका सेकंदात सोडवला. कोरलमध्ये ओळ धरली, बाजूचा ठोकळा माउसनं आत ढकलला, सगळी अक्षरं चिपाड. बसलं नाव. भाऊंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. उभ्या दांड्या वाळून काडी झालेल्या, आडव्या रेघा तशाच जाडजूड, आणि 'ठ'चं उभं अंडं झालेलं.

"काय केलं बे हे?"

"काँडेन्स केलं भाऊ."

"मी माळकरी मानूस हाय. माह्या बोर्डावर अंडं चालनार नाही."

बाबूचं चुकलं असं गावातल्या दुसऱ्या कुणाला वाटणार नाही. आज तुम्ही परतवाड्यापासून अकोटापर्यंत गेलात तर निम्म्या पाट्या अशाच दाबलेल्या दिसतील. पण अक्षर दाबणं आणि अक्षर अरुंद घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे भाऊ सांगतात आणि ते शंभर टक्के खरं आहे. अरुंद घडवताना रेघेची जाडी तीच ठेवायची आणि पोट तेवढं आवळायचं. त्यासाठी भाऊंनी शोध लावला तो असा: गोल उभा चिरायचा नाही, आडवा चिरायचा. वरचा अर्धा वर, खालचा अर्धा खाली, मधे दोन सरळ दांड्या. औषधाच्या कॅप्सूलचा आकार तयार होतो. कडा सरळ असल्यामुळे शेजारचं अक्षर जवळ येऊन उभं राहू शकतं, तरी पोटातली हवा जात नाही. हा शोध भाऊंच्या आधी युरोपात बऱ्याच जणांनी लावला होता. आल्दो नोव्हारेजेचा १९६२ चा युरोस्टाइल असाच, टीव्हीच्या पडद्यासारख्या चौकट गोलाचा. पण तो देवनागरीत नव्हता, म्हणून भाऊ त्याला मोजत नाहीत.

पोटातली हवा हा त्यांचा आवडता विषय. अक्षर रेघेनं वाचलं जात नाही, पोटानं वाचलं जातं, असं ते म्हणतात. दाट आणि ठळक अक्षरात पहिला बळी जातो तो पोटाचा. 'क'ची दोन पोटं बुजली की लांबून नुसता काळा ठिपका दिसतो, 'ब'ची आडवी रेघ बुडाली की त्याचा 'व' होतो. पाटी तयार झाली की भाऊ ती रस्त्याच्या एका बाजूला ठेवत आणि दुसऱ्या बाजूला मोतीबिंदू पिकलेल्या एका शेजाऱ्याला खुर्ची देत. शेजारी वाचेल ते खरं. ऑपरेशननंतर त्याची नजर स्वच्छ झाली तेव्हा सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. भाऊंनी मात्र दुकानातलं एखादं यंत्र बिघडावं तसा चेहरा केला.

रुंदी वाचवली की उंचीचं भूत उठतं. इंग्रजी अक्षराला वरखाली फारसं काही नसतं. 'सुर्जी' हा शब्द पाहा. 'सु'ला खाली उकाराचं तळघर, 'र्जी'ला वर वेलांटीचा माळा आणि माळ्यावर रफाराचं बिऱ्हाड. अरुंद अक्षर मुळात उंच दिसतं, त्यात हा प्रपंच. दोन ओळींची पाटी केली तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर जाऊन बसतो. भाऊंनी स्वतःची अख्खी बाराखडी आलेखाच्या वहीत काढायला घेतली आहे, कॅप्सूलच्या पोटाची, सारख्या रेघेची. ती 'ह'पाशी थांबली आहे. 'ह' नसल्यामुळे तिचा वापर मर्यादित होतो. एका सार्वजनिक मुतारीवर 'पुरुष' या अक्षरात आहे. 'महिला' अजून जुन्याच अक्षरात आहे.

आणि मग फुकट फॉन्ट आले. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ साली पॉपिन्स नावाचं वळण खुलं केलं, कुणीही उतरवून घ्यावं आणि वापरावं. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, इंग्रजी जॉनी पिनहॉर्न यांची. दोन्ही शुद्ध गोलावर बेतलेली, सारख्या रेघेची, बारीकपासून जाडजूडपर्यंत सगळ्या वजनांत. देवनागरीत या जातीचं एवढं मोठं कुटुंब त्याआधी नव्हतं. बाबूनं ते सहज म्हणून लावलं आणि 'ठ' टाइप केला.

भाऊ उठले. त्यांनी 'ठ' स्क्रीनभर मोठा करायला लावला. मग खिशातून कॅमलचा कंपास काढला, टोक मॉनिटरच्या काचेवर टेकवलं ("भाऊ, स्क्रॅच पडन!") आणि फिरवला. पेन्सिलीखालून गोल अजिबात सरकला नाही. भाऊ घरी गेले. दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते खोट शोधूनच. "गोल हाय. कबूल. पन आंग पसरून बसते. फ्लेक्सवर इतली जागा कोनाच्या बापाची हाय?" खोट खरी होती. पॉपिन्स ऐसपैस आहे, मोकळ्या कागदाचं, मोबाइलच्या पडद्याचं बाळ. त्याच घराण्यातून त्याच साली आलेलं खंड नावाचं दुसरं वळण बाबूनं दाखवलं. ते आटोपशीर, सरळ कडांचं, मथळ्यांसाठीच केलेलं, पोटं मोकळी. भाऊंनी पाहिलं, अर्धा तास पाहिलं. "जागा वाचवते," ते म्हणाले. "पन गोल कुठी हाय?" गोल राखला तर जागा जाते आणि जागा राखली तर गोल जातो. अहमदाबादच्या हुशार पोरांनी एकाऐवजी दोन फॉन्ट काढले, त्याअर्थी त्यांनाही हे जमलेलं नाही, असा निष्कर्ष काढून भाऊंना पुष्कळ बरं वाटलं. वहीला पुन्हा हात घातला. 'ह'.

सरकारी निर्णयांवर त्यांचा मोठा जीव. २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' सांगितला, २०२२ मध्ये तो पुन्हा बजावला. भाऊंच्या पिशवीत त्याची झेरॉक्स असते. पुष्कळ फॉन्टांत हिंदी 'ल' आधी येतो आणि मराठी 'ल' आत लपलेला असतो. मजकुराची भाषा मराठी आहे असं मशीनला सांगितलं तरच तो बाहेर येतो. हे सांगायचं कुणी? भाऊ सांगत फिरतात. पानठेल्यावर उभे राहून त्यांनी एकदा 'श'च्या देठाचं महत्त्व पाऊण तास समजावलं. ठेलेवाला पान लावता लावता म्हणाला, "देठ त आमी खुडून फेकतो, भाऊ."

दुकानांच्या पाट्यांचा कायदा आला तेव्हा तर त्यांची दिवाळीच झाली. २०२२ च्या दुरुस्तीनं लहान दुकानांनाही मराठी पाटी लागली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असता कामा नये असंही ठरलं. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. इकडे भाऊ मेजरटेप घेऊन बाजारात. पण मोजायचं कुठून? शिरोरेघेपासून पायापर्यंत, की वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या बुडापर्यंत? एका मोबाइल दुकानदारानं मात्रा-वेलांट्या धरून मोजलं आणि इंग्रजी नाव दणदणीत ठेवलं. भाऊंनी ते अमान्य केलं. त्यांच्याकडे अमान्य करायचा अधिकार नव्हता, पण टेप होता. शेवटी त्यांनी पॉपिन्स सुचवलं, ज्याच्याशी त्यांचं वैर. त्यात देवनागरी अक्षराचं अंग इंग्रजी मोठ्या अक्षरापेक्षा मुळातच उंच बेतलेलं आहे. एकाच मापात दोन्ही टाका, मराठी आपोआप वरचढ. "कायदा यायच्या आठ वर्षं आधी पोट्ट्यायनं कायदा फॉन्टात भरून ठेवला," भाऊ म्हणाले. वैऱ्याची एवढी स्तुती त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

पण भाऊंचा खरा पराभव कायद्यानं केला नाही की फॉन्टानं. तो वाढदिवसांनी केला.

आटोपशीर अक्षर कशासाठी, हे भाऊंना विचारा. अक्षर अरुंद घेतलं की पाटीवर जागा सुटते. ती सुटलेली जागा अक्षराच्या भोवती ठेवायची. चहूबाजूंनी वीतभर मोकळं रान आणि मधोमध नाव. मग ते नाव चौकाच्या पलीकडून दिसतं. गेल्या पावसाळ्यात एका भावी आमदारांच्या अभीष्टचिंतनाचा फ्लेक्स त्यांच्याकडे आला. भाऊंनी बाबूला उठवलं, स्वतः शेजारी बसले, खंडमध्ये नाव घेतलं, शुभेच्छुकांच्या ओळी खाली नीट बसवल्या आणि मधे अशी सुंदर मोकळीक राखली की बाबूसुद्धा गप्प झाला. कार्यकर्ता आला. त्यानं पाहिलं.

"भाऊ, हे मधात काय सुटलं?"

"सुटलं नाही. ठेवलं."

"म्हनजे जागा हाय न?"

आणि त्यानं खिशातून दुसरी यादी काढली.

गेली काही वर्षं हेच चाललंय. अक्षर जेवढं आवळावं तेवढे शुभेच्छुक वाढतात. पेंटरच्या काळात भिंतीवर पाच नावं असत आणि पाचही लोक एकमेकांना ओळखत. ब्रशला एक नाव लिहायला वेळ लागे, म्हणून नाव घालताना माणूस विचार करी. आता चौरस फुटाचा भाव ठरलेला, नाव घाला किंवा घालू नका, पैसे तेवढेच. फोटोंची तीच गत. आधी साहेब, मग साहेबांचे साहेब, मग युवा नेतृत्व, मग ज्याला कुणी विचारलं नव्हतं तो. भाऊ हताश होऊन बसतात. कुठल्या वजनात 'ब'चं पोट टिकेल, एवढाच सल्ला ते देतात.

त्या भावी आमदारांच्या फ्लेक्सची फाइल त्याच रात्री परतवाड्याला छापायला जायची होती. कर्व्ह झाली होती, शटर खाली येत होतं. तेवढ्यात मोटारसायकल थांबली. आणखी एक नाव राहिलं होतं, आणि ते राहून चालणार नव्हतं. त्याचा चुलता ग्रामपंचायतीत होता.

"जागा नाही," बाबू म्हणाला.

"तुमचं अक्षर त बारीक होते न भाऊ. दाबा थोडं."

भाऊ कुणाकडेही न पाहता म्हणाले, "मी दाबत नाही." मग थोड्या वेळानं, "नाव काय त्याचं?"

"विठ्ठल."

भाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. 'ठ'खाली 'ठ'. आडवी जागा एकाची, गोल दोन. बाबूला उठवून ते स्वतः खुर्चीवर बसले. खंड काढून टाकला. पॉपिन्स लावला, जोडाक्षर एकाखाली एक घ्यायला लावलं, पाकळीचा 'ल' शोधून आणला. दोन्ही गोल पुरे हवेत म्हटल्यावर शुभेच्छुकांची सबंध ओळ वर सरकवावी लागली. ओळ वर गेली तशी तिच्या वरची ओळ गेली, आणि सगळ्यात वर उभे असलेले भावी आमदार गुडघ्यांपासून कापले गेले.

कार्यकर्ता घाबरला. "भाऊ, साहेबाचे पाय?"

"पाय कोनी पाह्यत नाही," भाऊ म्हणाले. "तू ठ पाय."